दारावर कोणी नाही

८ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार पहिल्याच ओळीत घे. खाली कामाचं आहे, आणि कामाचं बोलायला लागले की मी नमस्कार विसरते, असं तूच सगळ्यांना सांगत असतेस.

माझ्या प्रबंधाचा विषय अखेर ठरला. दर फोनला तू विचारायचीस, "अगं, नक्की शिकतेस तरी काय?" मी "भाषाशास्त्र" म्हटलं की तू "म्हणजे व्याकरणच ना" म्हणून गप्प व्हायचीस. आता एका वाक्यात सांगते. तू आणि काका हातांनी जे बोलता, त्याचा अभ्यास.

हसू नकोस. जगात ठिकठिकाणी लोक यावर काम करतायत. ज्यांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि जे बधिरांच्या शाळेत कधी गेलेच नाहीत, अशी माणसं घरच्यांबरोबर स्वतःच्या खुणा घडवतात. कोणी शिकवत नाही, तरी त्यांच्यात शब्द तयार होतात, शब्दांना क्रम येतो. आम्ही त्यांना घरखुणा म्हणतो. परवा मार्गदर्शक बाईंना मी सहज सांगितलं, आमचा काका सुतार आहे, "उद्या" म्हणायला रंधा पुढे मारल्यासारखा हात नेतो आणि "काल" म्हणायला मागे ओढतो. बाई चहाचा कप ठेवून उठल्याच. म्हणाल्या, "हे तू मला दोन वर्षं सांगितलं नाहीस?"

मला सुचलंच नव्हतं गं. मी लहानपणापासून ते पाहत आले. आपल्या घरात पंखा आहे तसं ते होतं.

कॅमेरा घेऊन चार दिवस राहायला येऊ का? तुम्ही नेहमीसारखंच बोलायचं. मग चार-पाच महिन्यांनी एकदा परत येईन. काकाला विचार आणि कळव.

तुझी,
ठकू

२० जानेवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते काही संपत नाहीत.

पत्राला उत्तर पत्रानंच देतेय, कारण फोनवर हा विषय काढता येत नाही. मी फोनवर त्याच्याबद्दल बोलायला लागले की तुझा काका समोर येऊन माझ्या तोंडाकडे टक लावून बसतो. ऐकू येत नसेल, पण आपल्याबद्दल चाललंय हे त्याला माझ्या भुवयांवरून कळतं. लिहिताना बरं. त्याला अक्षर येत नाही, त्यामुळे त्याला वाटतं मी बाजाराची यादी करतेय.

तुझ्या बाईंना नमस्कार सांग आणि हेही सांग की आमच्या बोलण्यात अभ्यासासारखं काही नाही. मी हनुवटीला बोट लावलं की मी, कारण माझा तीळ. मिशी पिळली की तुझा बाप. गाल फुगवले की तू, तू जन्मलीस तेव्हा नुसते गालच होतीस. कारखान्याचा मालक म्हणजे खिसा घट्ट धरायचा. पाव, चहा, मीठ, भांडण, दुखतंय, आवर आता, बस झालं. याच्यावर तुला डॉक्टर करणार असतील तर मला केव्हाच करायला हवं होतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून द्यायची, आणि संध्याकाळी घरी यायचं ते याच्याकडे. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या कानांना घरी तरी सुट्टी. सुट्टी कसली? तिथं प्लग काढला की काम संपायचं. याला जगाशी जोडणारी मी एकटीच. किराणावाल्याशी मी, डॉक्टरशी मी, मालकाशी पगाराचं बोलायला मी. माझं लग्न त्यापायी राहिलं असं लोक म्हणतात. खरं सांगू, मागणी घालणारा एकही मला त्याच्याइतका शहाणा वाटला नाही.

रोजचं एक बोलणं मात्र ठरलेलं. कारखान्यातून येतो, हातपाय धुतो, चहाला बसतो आणि कानाशी हात नेतो, मग दाराकडे दाखवतो, भुवया उंचावतो. दार वाजलं का, कोणी आलं होतं का? ऐकू येत नाही ना, म्हणून त्याला घोर. मी हात हलवते: नाही रे, कोणी नाही. मग तो चहा पितो. लहान होता तेव्हापासून हे चालू आहे. कोण येणार आहे याच्याकडे? पण विचारायचं चुकवत नाही.

ये. कॅमेरा आण. मी त्याला विचारलं, गाल फुगवून आणि डोळ्यासमोर बोटांची चौकट करून. तो हसला आणि केस विंचरायला गेला. म्हणजे हो.

तुझी आत्या

३१ जानेवारी

आत्या,

केस विंचरले म्हणजे हो, हे मला पुरेसं आहे. आमच्या समितीला नाही.

अभ्यासात माणसं घ्यायची असली की एक समिती आधी परवानगी देते. त्यांनी माझा अर्ज परत पाठवला. त्यांचं म्हणणं, काकांची संमती बहिणीमार्फत घेतलेली चालणार नाही, कारण बहीण स्वतःच अभ्यासात आहे. काकांना स्वतंत्रपणे सगळं समजावून त्यांचा होकार घ्या. मी चिडले. म्हटलं, आत्याशिवाय त्याच्याशी कोण बोलणार? समितीतले एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हाच प्रश्न आम्हालाही पडलाय."

तर पुढच्या रविवारी तुमच्याकडे एक मास्तर येतील. बसनं दीड तासावरच्या गावात बधिरांची शाळा आहे, तिथं ते शिकवतात. त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. चित्रं काढून, नकला करून, ज्यांना कुठलीच भाषा शिकवलेली नाही अशा माणसांना समजावण्यात त्यांचा हातखंडा आहे. तू चहा दे आणि बाजूला बस. मध्ये बोलू नकोस. जमेल का?

ठकू

१० फेब्रुवारी

ठकू,

जमलं. ओठ दाबून बसले होते. दोनदा उठून स्वयंपाकघरात गेले, ते धरू नकोस.

मास्तर वयानं आपल्या काकाएवढेच, टक्कल पडलेले, कोट फार जुना आणि फार स्वच्छ. दार उघडलं तर वहीत आधीच लिहून आणलेलं वाक्य पुढे केलं: "मी शिक्षक. मला ऐकू येत नाही. आपल्या भावाला भेटायला आलो." काका मागच्या पडवीत स्टूल दुरुस्त करत होता, पाठ आमच्याकडे. मी खांद्याला हात लावायला निघाले, तोवर मास्तरांनी फरशीवर पाय आपटला. काका वळला! पायांतून कळलं त्याला. एवढी वर्षं मी त्याला हाक मारायला घरभर चालतेय, आणि हे कोणी मला सांगितलं नाही.

मास्तरांनी स्वतःच्या कानावर बोट ठेवलं आणि हात हलवला: बंद. काका बघतच राहिला. मग जवळ आला, आणि काय करावं? मास्तरांचा कान हातानं चाचपून पाहिला, फळीला गाठ आहे का पाहतो तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर मात्र मान तिरकी करून उभे, पाहा हवं तर, म्हणाल्यासारखे.

मग काका माझ्याकडे वळला आणि त्याचं नेहमीचंच सुरू झालं. कानाशी हात, दाराकडे हात. पाहुणा समोर उभा, आणि हा विचारतोय दार वाजलं का! मी म्हटलं, हो बाबा, वाजलं, आले ना हे. तर त्यानं मान झटकली, पुन्हा तेच केलं, मास्तरांकडे बोट दाखवलं, पुन्हा तेच. माझ्यावर चिडला. मांडीवर हात मारला. वय झालं, गोंधळ होतो त्याचा, असं मी मनात म्हटलं.

संमतीचं सांगते. मास्तरांनी स्वतःचा फोन काढून त्याचं चालणं टिपलं, त्याला दाखवलं, मग चित्रं काढली: खूप खुर्च्या, खूप माणसं, पडद्यावर काका. चालेल? काकानं बराच वेळ चित्रं पाहिली. मग जेवणाऱ्या माणसाचं चित्र स्वतः काढलं आणि त्यावर फुली मारली. जेवताना टिपायचं नाही. पुढचे दात पडलेत ना, लाजतो. बाकी सगळं चालेल. खाली अंगठा उठवला.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातही गेला नाही. पाहुण्यांची दगदग झाली असेल. तू ये आता.

तुझी आत्या

१४ मार्च

प्रिय आत्या,

चार दिवस तुझ्या हातचं जेवून आले आणि इथलं खानावळीचं ताट समोर आलं की रडू येतं. चित्रीकरण फार छान झालंय. बाई खूश आहेत.

दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या, सहजच. पोस्टमन आला असेल असं काकाला वाटलं तर तो कसं विचारतो? हवेत बोटांची पेरं आपटून, बरोबर ना? चित्रणात तसं दोनदा दिसतंय. आणि आपण रेडिओ ऐकतोय असं म्हणताना कानामागे हात उघडा धरतो. मग संध्याकाळी चहाच्या वेळी कानाशी मूठ मिटलेली असते की उघडी? कधीपासून विचारतो तो ते? अगदी लहानपणी काही प्रसंग झाला होता का?

घाई नाही. आठवलं तर लिही.

बाईंचं एक सांगणं आहे. जुलैतलं दुसरं चित्रीकरण होईपर्यंत काकाची दुसऱ्या खुणा शिकलेल्या माणसांशी फार गाठ पडू नये. नाहीतर त्याच्या स्वतःच्या खुणा कुठल्या आणि उसन्या कुठल्या, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून मास्तरांना परत बोलवायची घाई करू नकोस.

ठकू

२ एप्रिल

ठकू,

"सहजच", "घाई नाही" आणि "आठवलं तर", तिन्ही एका पत्रात. तू सातवीत नापास झालेला पेपर दाखवायला आणलास तेव्हाही असंच बोलत होतीस. काय लपवतेयस?

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, मग माझ्या प्रश्नाचं तू दे.

पोस्टमनला पेरं आपटतो, बरोबर. संध्याकाळी मूठ मिटलेली. मी कधी लक्षच दिलं नव्हतं, तू विचारल्यावर पाहिलं. कधीपासून? आमची आई त्याला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरकडे गेली होती, तो सहा-सात वर्षांचा असेल. तिथून आल्यावर, बहुतेक. डॉक्टरनं त्याच्या कानात नळी घालून पाहिलं आणि आईला सांगितलं, कायमचं आहे. आई बाहेर बाकावर बसून रडली. त्यानं ते पाहिलं. त्यानंतर.

आता इथलं. मास्तरांचं पत्र आलंय. दर रविवारी शाळेत बधिर मंडळींचा मेळावा भरतो, भावाला घेऊन या, म्हणतात. तू लिहिलं होतंस म्हणून मी उत्तर दिलं नाही. आणि मनापासून सांगते, तू तसं लिहिलंस ते मला बरंच वाटलं. मास्तर चांगले आहेत. पण ते गेल्यापासून हा रविवारी सकाळी दाढी करून फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. दुपारी जेवायला आत येतो, परत जाऊन बसतो. मी शेजारी खुर्ची टाकून बसले तर माझ्याकडे पाहून हसतो, वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं. मी काय पाहुणी आहे?

खरं ते लिही. मी एक्स्चेंजमध्ये माणसांच्या आवाजावरून मरण ओळखायचे. पत्रातलं मला कळणार नाही होय?

आत्या

१० एप्रिल

आत्या,

आधी एवढं लक्षात घे, की माझी चूक होत असेल.

काका "ऐकणं" म्हणताना हात उघडा धरतो. "दार वाजलं" म्हणताना पेरं आपटतो. कानाशी मिटलेली मूठ तो तिसऱ्याच कशासाठी तरी वापरतो. चित्रणात ती मी पुन्हा पुन्हा शोधली. कारखान्यात करवतीच्या मशीनवर सगळे कानात बोळे घालतात, त्याला लागत नाहीत, हे सांगताना मूठ. कुत्रा भुंकला तरी तो दचकत नाही, हे सांगताना मूठ आणि छातीवर बोट. ती मूठ म्हणजे त्याचं बहिरेपण. म्हणजे "माझ्यासारखा".

आणि दाराकडे दाखवतो ते दार नसावं. जत्रेला जायचं, शेजारच्या गावाला जायचं, यालाही तो तसाच हात करतो. ते "बाहेर" आहे.

मास्तर आले त्या दिवशी काका तुला काय सांगत होता, ते तूच लिहिलंयस. मूठ, बाहेर, आणि मास्तरांकडे बोट. भुवया उंचावल्या होत्या असं तू लिहिलेलं नाहीस. त्या दिवशी तो प्रश्न नव्हता, आत्या.

रोज संध्याकाळी तो विचारतो, बाहेर माझ्यासारखं कोणी आहे का?

तू काय उत्तर द्यायचीस ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण तू खोटं बोलली नाहीस. त्यानं विचारलेलं तुला दुसरंच ऐकू आलं आणि तू त्याचं खरं उत्तर दिलंस. घरातल्या कोणालाही तसंच वाटलं असतं. मलाही वाटायचं, मी तर त्याच घरात वाढले.

लगेच उत्तर लिही. नाहीतर फोन कर.

ठकू

६ मे

आत्या,

तुझं पत्र नाही. फोन केला की "बरी आहे गं" म्हणतेस आणि ठेवतेस. बाबा म्हणाले, तिला जरा राहू दे. पण एक गोष्ट तुला लगेच कळायला हवी.

मी बाईंना सांगितलं की जुलैचं चित्रीकरण मी करणार नाही. काकाला आणखी दोन महिने फाटकाशी बसवून ठेवायचं आणि त्याच्या एकटेपणावर मी प्रबंध लिहायचा, हे मला जमणार नाही. "मास्तरांना बोलवू नकोस" हे मी लिहिलं होतं, ते वाक्य मागे घेते. बाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चार महिन्यांचं काम पाण्यात गेलं, त्यांचंही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग विषय बदल. घरखुणा बोलणारा माणूस उतारवयात भाषेला भेटतो तेव्हा काय होतं, हे फार कमी लोकांनी पाहिलंय. वर्ष जास्त लागेल." लागू दे.

रागावली असशील तर रागावून लिही. पण लिही.

ठकू

२५ मे

ठकू,

रागावले होते. शिकायला म्हणून आली आणि आमचं घर उसवून गेली, असं मनात आलं. तुझं पत्र डब्यात ठेवलं, डब्यावर दुसरा डबा ठेवला.

मग रोज संध्याकाळी नुसती पाहत होते. तो विचारायचा, माझा हात "कोणी नाही" म्हणायला उठायचा आणि मध्येच थांबायचा. मी चहाची भांडी उचलून आत पळायचे. आठवडाभर त्याला उत्तरच मिळालं नाही. आठव्या-नवव्या दिवशी तो माझ्यामागे स्वयंपाकघरात आला, मला खांद्याला धरून वळवलं आणि विचारलं: तुला कुठं दुखतंय का?

ठकू, त्याला माझीच काळजी.

मी हात पुसले. कानाशी मूठ मिटली, माझी मूठ आयुष्यात पहिल्यांदा तिथं गेली असेल. मग बाहेर. मग दोन्ही हातांची बोटं उघडून पसरली, धान्य पेरतात तशी. आहेत. खूप आहेत.

तो हलला नाही. मला वाटलं, त्याला कळलं नाही. म्हणजे तुझं चुकलं, असं वाटून मला अर्धा क्षण बरं वाटलं, ते देव बघून घेईल. मग त्यानं माझीच खूण मला परत करून विचारलं, एकेक बोट सावकाश उघडत. खूप? मी म्हटलं, खूप. तो बाहेर गेला. मी पाठोपाठ गेले तर खाटेवर बसून बूट घालत होता.

"आत्ता?" मी. तो, आत्ता. संध्याकाळचे सहा, बस सकाळी. मी रंधा पुढे मारला: उद्या. त्यानं बूट काढले नाहीत. तसाच जेवायला बसला, बूट घालून, आमच्या आईच्या घरात! मी ताट वाढलं.

मास्तरांना भेटलो. रविवारी मेळावाही पाहिला. मोठी खोली, भिंतीला बाकं, पन्नास-साठ माणसं, आणि आवाज म्हणशील तर चपलांचा आणि हसण्याचा. हात सगळीकडे. काकाला त्यांची भाषा येत नाही. एक म्हातारी त्याच्याशी काहीतरी बोलली, त्यानं मान हलवली, कळलं नाही. तर ती उठून गेली नाही. पुन्हा, वेगळ्या तऱ्हेनं. पुन्हा. पाचव्यांदा कळलं. इतक्या वेळा त्याला कोणी सांगत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी किती वेळा सांगते? दोनदा. मग "राहू दे" म्हणते.

मास्तरांना मी वहीत लिहून विचारलं, या वयात येईल का त्याला तुमची भाषा? त्यांनी लिहिलं, "पूर्ण येणार नाही. पण माणसं येतील."

आता खरी अडचण ऐक. त्यांच्या शाळेत मुलांना लाकूडकाम शिकवणारा माणूस हवाय. राहायला खोली आहे. काकानं खोली पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले आणि मला म्हणाला, खिडकी मी दुरुस्त करीन. म्हणजे राहायचंय त्याला. त्याला आंघोळीला पाणी किती गरम लागतं ते तिथं कोणाला माहीत आहे? पाठीला तेल कोण लावणार? तुझा बाप म्हणतो, नको पाठवू. तू काय म्हणतेस?

तुझी आत्या

३ जून

आत्या,

तुझं पत्र सकाळपासून तीनदा वाचलं. बुटाचं वाचून हसले, मग बराच वेळ खिडकीत उभी होते.

तू मला विचारलंस, बाबांना विचारलंस. मास्तरांना विचारलंस. पाणी किती गरम लागतं हे त्याला स्वतःला माहीत आहे, आणि ते सांगायला हात आहेत. त्यालाच विचार ना.

आणि एक मला तुला विचारायचंय, अभ्यासासाठी नव्हे. तो गेल्यावर तू संध्याकाळी काय करशील?

ठकू

१८ नोव्हेंबर

ठकू,

जूनमधल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता देतेय. तेव्हा माझ्याकडे नव्हतं. पहिला महिना मी संध्याकाळी दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. मग शेजारच्या बाईंनी त्यांच्या नातीला माझ्याकडे आणून सोडायला सुरुवात केली. ती इतकं बोलते की माझे कान पहिल्यांदाच दुखायला लागलेत.

काल काकाकडे जाऊन आले. तो जाड झालाय. खिडकी त्यानं दुरुस्त केली, आणि शाळेतली एकूण एक खिडकी केली. पोरं त्याच्या मागे मागे असतात. मोठी पोरं त्याला त्यांच्या खुणा शिकवतात, तो चुकला की हसतात. तोही हसतो, दात नाहीत हे विसरून.

संध्याकाळी सगळे जेवणाच्या खोलीत जमले. मास्तर, ती पाच वेळा सांगणारी म्हातारी, आणखी आठ-दहा जण. मला मधे बसवलं. मग हात सुरू झाले. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, ज्याचे हात हलतील त्याच्याकडे मान वळवायची, तोवर तिसऱ्याचे हलायचे. ओ की ठो कळेना. एकदम सगळे हसले. टेबलं हलली इतके हसले, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मीही हसले, न कळता हसतात तसं. काय झालं हे न कळता हसणं फार वाईट असतं गं. ते मला काल कळलं.

काकानं पाहिलं. उठला, बाकावर माझ्याजवळ येऊन बसला आणि आपल्या घरच्या खुणांनी मला सांगायला लागला. सावकाश, जुन्या, मला कळतील अशा. ही काय म्हणाली, तो काय म्हणाला, आणि मी काय म्हणालो. त्यानं त्यांना सांगितलं होतं, माझी बहीण झोपेत घोरते. इतकी घोरते की पलंगाचे पाय वाजतात, ते मला फरशीतून कळतं, आणि शेजारच्या खोलीत मला झोप लागत नाही. इथं आल्यापासून मी शांत झोपतोय.

मी घोरते! वयाच्या या टोकाला, आणि सांगणारा कोण, तर हा! मी त्याच्या दंडावर एक ठेवून दिली. आता सगळे जास्तच हसले, आणि या वेळी मला कळत होतं.

मग त्या म्हातारीनं माझ्याकडे बोट करून त्याला काहीतरी विचारलं. त्यानं मला सांगितलं, ही विचारतेय, ही तुझी कोण? आणि तो तिच्याकडे वळून उत्तर द्यायला लागला. बहीण म्हणायला किती वेळ लागतो? तो बराच वेळ बोलत होता. आमची एकही खूण नव्हती त्यात, सगळी त्यांची भाषा, चुकत, थांबत, मास्तरांना मधेच शब्द विचारत. म्हातारीचे हात मांडीवर स्थिर होते. कोणी हसलं नाही.

तो थांबल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस? तो माझ्याकडे पाहून हसला, माझा कप उचलला आणि चहा आणायला गेला.

मास्तर शेजारीच होते. वही आणि पेन माझ्या पिशवीत होतं. मी पिशवीत हात घातला होता, ठकू. तसाच रिकामा बाहेर काढला.

तुझी आत्या